पद्मिनीचा वायपर काचेच्या रबरावर आपटतोय : लिंकेचे बुश, स्पिंडल, पार्किंग (सोलापूर)

विभाग : जुन्या गाड्या / दुरुस्ती

कंबर_तलाव | १८ ऑगस्ट, रात्री ९.४२

नमस्कार मंडळी. गाडी १९७९ची प्रीमियर पद्मिनी, मुक्काम सोलापूर. पुढच्या महिन्यात पासिंग आहे. शिवाय सप्टेंबर हाच आपल्याकडचा खरा पावसाचा महिना, तेव्हा वायपरचं काम आता पुढे ढकलता येत नाही.

वायपर चालू केला की दोन्ही टोकांना ‘टक’ असा आवाज येतो. ड्रायव्हरच्या बाजूचं ब्लेड वर जाऊन काचेच्या रबरावर आपटतं. दुसरं ब्लेड जरा उशिराच जागचं हलतं. बंद केल्यावर ब्लेडं दर वेळी दोन-तीन बोटं इकडेतिकडे थांबतात. काच ओली असली तरी वेग कमी, आणि पाच-सात मिनिटांत मोटर हात लावू देत नाही इतकी तापते.

इलेक्ट्रिशियन म्हणतो मोटर गेली, दुसरी बसवा. बसवू का?

पाना_बारा_तेरा | १८ ऑगस्ट, रात्री १०.१५

थांबा मालक, मोटर नंतर बघू.

आवाज फक्त टोकांनाच येतोय ना? मग तो सांध्यांमधला प्ले, म्हणजे ढिलाई आहे. टोकाला ब्लेडाची दिशा उलटते. तोवर ढकलणारी लिंक (मोटरचा जोर ब्लेडांकडे नेणारी पट्टी) ओढायला लागते आणि सांध्याची पिन बुशच्या, म्हणजे तिच्याभोवतीच्या कडीच्या, एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जाऊन आदळते. गिअर खराब झाला असता तर आवाज टोकाला न येता फेरीभर घरघरत राहिला असता. रबरावर आपटण्याचं कारणही तेच. ब्लेडाला वेग असतो, त्याला अडवायला सांध्यात काही उरलेलं नसतं, मग ते ढिलाई संपेपर्यंत पुढे जातं.

मोटर तापणं आणि वेग कमी असणं ही दुसरी तक्रार. तिथे माझा संशय स्पिंडलवर, म्हणजे आर्म (ब्लेड धरणारा दांडा) ज्यावर बसतो त्या फिरत्या खुंटीवर. आपल्याकडे वर्षातले सात-आठ महिने वायपर चालतच नाही. धूळ मात्र बाराही महिने. स्पिंडलच्या नटाखालचं रबर उन्हाने तडकलं की पहिल्या पावसाचं पाणी धूळ घेऊन आत उतरतं, जुनं ग्रीस आधीच वाळून लाखेसारखं झालेलं असतं, आणि स्पिंडल आवळत जातो. आवळलेला स्पिंडल फिरवायचा जोर मोटर लिंकेमार्फतच देते, म्हणजे प्रत्येक फेरीला तो भार त्याच बुशांवर. बुश असे संपतात. नुसते बुश बदलून स्पिंडल तसेच ठेवणारे लोक पुढच्या पावसाळ्यात तीच ‘टक’ घेऊन परत येतात.

उद्या दोन गोष्टी करून बघा. एक, वायपर बंद असताना आर्म बुडाशी धरून, म्हणजे स्पिंडलच्या जवळ, पुढे-मागे हलवा. मोटर अडेपर्यंत जेवढा मोकळा हलला तेवढा सगळ्या सांध्यांचा मिळून प्ले. दोन, तोच आर्म काचेपासून वर उचलून खाली दाबा. स्पिंडल स्वतःच डुगडुगत असेल तर त्याच्या घरातला, म्हणजे तो ज्या नळीत फिरतो तिच्यातला, बुशही गेलाय.

इलेक्ट्रिक_मामा | १८ ऑगस्ट, रात्री ११.०३

पान्याशी सहमत. पण अंदाज कशाला, मीटर लावा की. मल्टिमीटर १० अँपियरच्या सॉकेटवर घेऊन मोटरच्या वायरीत मालिकेत जोडा आणि तीन आकडे घ्या. पहिला, क्रँकवरून (मोटरच्या शाफ्टवरची छोटी दांडी) लिंक सोडून नुसत्या मोटरचा. दुसरा, लिंक जोडून पण आर्म काढून. तिसरा, आर्म-ब्लेड लावून ओल्या काचेवर. पहिला आणि दुसरा यांच्यात फार फरक दिसायला नको, लिंक आणि स्पिंडल मोकळे असले तर ते काही दशांश अँपियरच खातात. पहिलाच आकडा मोठा आला तर मोटर उघडू.

दोन सूचना. कोरड्या काचेवर मोजू नका, आकडा खोटा येतो आणि रबरही फाटतं. आणि स्वस्त मीटरच्या १० अँपियर सॉकेटला बऱ्याचदा आत फ्यूज नसतो. वायपर जाम होऊन मोटर अडली की करंट १० च्या वर सहज जातो. अडली तर लगेच बंद करा.

आणि फ्यूज उडायला लागला तर मोठा फ्यूज टाकून गाडी चालवू नका. फ्यूज उडतोय म्हणजे तो आपलं काम करतोय.

गणितातली_रेवा | १९ ऑगस्ट, सकाळी ७.२०

एवढ्याशा ढिलाईने ब्लेड एवढं कसं हलतं, असं पुष्कळांना वाटतं, म्हणून हिशोब मांडते. स्पिंडलच्या खालचा लिव्हर, म्हणजे स्पिंडलच्या मध्यापासून लिंकेच्या पिनेच्या मध्यापर्यंतचं अंतर, ४५ मिमी धरा. स्पिंडलपासून ब्लेडाच्या टोकापर्यंत ४०० मिमी. गुणोत्तर जवळजवळ ९ पट. सांध्यांमध्ये मिळून १ मिमी प्ले असेल तर टोकाला ९ मिमी.

क्रँकपासून दोन्ही स्पिंडलपर्यंत लिंकेचे चार सांधे असतात. प्रत्येकात फक्त पाव मिमी असला तरी बेरीज १ मिमी होते. त्यामुळे ‘हा सांधा तर ठीक वाटतोय’ म्हणून एखादा सोडू नका, चारही एकदम करा.

कंबर_तलाव | १९ ऑगस्ट, संध्याकाळी ६.५५

मामा, आकडे घेतले. नुसती मोटर १.६ अँपियर. लिंक जोडून, आर्म काढून ३.९. आर्म-ब्लेडांसह ओल्या काचेवर ५.५ च्या आसपास, आणि तोही स्थिर नाही.

आर्म बुडाशी धरून हलवला तर ब्लेडाचं टोक जवळजवळ ३० मिमी हलतं. एका बाजूचा स्पिंडल डुगडुगतो, दुसरा अजिबात नाही.

इलेक्ट्रिक_मामा | १९ ऑगस्ट, संध्याकाळी ७.१०

मग झालं की. १.६ ची मोटर तंदुरुस्त आहे. आर्म नसताना २.३ अँपियर जास्त खातंय ते स्पिंडल. मोटरचे पैसे वाचले, त्यातले थोडे लेथवाल्याला द्या.

जो स्पिंडल ‘अजिबात डुगडुगत नाही’ म्हणताय तोच जाम असणार. न हलणं म्हणजे चांगला असं समजू नका.

पाना_बारा_तेरा | १९ ऑगस्ट, रात्री ९.३०

आता खोलायची पद्धत. घाई केली तर यातच जास्त मोडतोड होते.

आधी काच ओली करून वायपर चालवा आणि स्विचनेच बंद करा, म्हणजे मोटर आपल्या पार्किंगच्या, म्हणजे ब्लेडं थांबायच्या ठरलेल्या जागी थांबेल. दोन्ही ब्लेडांच्या कडेने काचेवर रंगाऱ्याची कागदी टेप लावा. नंतर आर्म कुठल्या दातावर बसवायचा ते हीच टेप सांगणार. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

आर्म काढताना स्क्रू ड्रायव्हर बॉडीवर टेकवून उचकटू नका. रंग तर जातोच, स्पिंडलही वाकतो. बुडाशी झिरपणारं तेल सोडून अर्धा तास थांबा, मग बॅटरी टर्मिनल काढायचा छोटा पुलर लावा. स्पिंडलचे दाते स्टीलचे आणि आर्मचं बूड मऊ, त्यामुळे तिरका ओढला की आर्मच्या आतले दाते सोलले जातात. एकदा ते सोलले की आर्म कितीही आवळा, पावसात घसरणारच.

बाहेरून स्पिंडलचा नट, वॉशर, रबर आणि तिरका स्पेसर निघेल. हा स्पेसर एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ असतो. जाड बाजू कुठे होती त्याचा फोटो काढा, स्पेसरवर खूण करा. तो उलटा बसला तर स्पिंडल काचेशी वेगळाच कोन करतो, लिंक पिळली जाते आणि नवीन बुश एका कडेने झिजतात.

मग डॅशच्या मागून मोटरकडची बाजू. क्रँकचा नट सोडण्याआधी क्रँक आणि मोटरच्या शाफ्टवर मिळून एक सरळ रेघ ओरखडून ठेवा. आणि नट फिरवताना क्रँकला दुसऱ्या पान्याने धरा. धरलं नाही तर सगळा पीळ मोटरच्या आतल्या गिअरवर जातो आणि त्याचा दात तुटतो. मोटर चांगली असताना ती अशी मारायची काही गरज नाही.

लिंका बाहेर काढल्या की लगेच डावी-उजवी चिठ्ठी बांधा. दोन्हींची लांबी आणि बाक वेगळा असतो.

चादरवाला | १९ ऑगस्ट, रात्री १०.०५

एवढा उपद्व्याप कशाला? झिजलेल्या पिनेवर वेल्डिंगचा टाका मारून कानशीने गोल करायची. तासाभराचं काम. किंवा एखाद्या नव्या गाडीची मोटर आणि लिंक अख्खीच बसवायची.

लेथ_अण्णा | १९ ऑगस्ट, रात्री १०.४०

चादरवाले, कानशीने पिन गोल होत नाही, गोल दिसते. तीन कोपऱ्यांची पिन नव्या बुशला चार दिवसांत खाऊन टाकते. आणि वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ लिव्हर वाकला तर पिन स्पिंडलला समांतर राहत नाही.

पिन शक्यतो काढूही नका, ती लिव्हरमध्ये रिव्हेट केलेली असते. तिला फक्त साफ गोल करायचं, जितकी कमी करता येईल तितकी कमी, आणि बुश तिच्या मापाचा कातायचा. बुश स्वस्त, पिन महाग. लोक नेमकं उलटं करतात.

मापं अशी घ्या. व्हर्नियरने पिनेचा व्यास एकमेकींना काटकोनातल्या दोन दिशांनी मोजा, कारण ढकलणं-ओढणं एकाच रेषेत होत असल्याने पिन लंबगोल झिजते. दोन मापांत ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर पिन लेथवर घ्यावी लागेल. कमी असेल तर ६०० आणि मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी तेल लावून पिनेभोवती फिरवा, पुरे.

लिंकेचं भोक अंडाकृती झालं असेल तर ते बोअर करून एक सरळ माप काढायचं. समजा १२ मिमी. भोकाच्या कडेला किमान ४ मिमी माल उरला पाहिजे, नाहीतर तिथे आधी कॉलर बसवावी लागते. त्यात कॉलरवाला बुश दाबून बसवायचा. बुशचा बाहेरचा व्यास भोकापेक्षा ०.०५ ते ०.१ मिमी जास्त. प्लास्टिकचा बुश दाबला की त्याचं आतलं भोक जवळजवळ तेवढंच आवळतं. म्हणून आतलं भोक आधी पूर्ण मापाचं करू नका. बुश बसल्यावर रीमर (भोक मापात आणायचं हत्यार) फिरवून पिनेपेक्षा ०.१ मिमी मोठं करा.

पाना_बारा_तेरा | १९ ऑगस्ट, रात्री १०.५२

अण्णा, ०.१ जरा सैल नाही का? मी ०.०५ म्हटलं असतं.

लेथ_अण्णा | १९ ऑगस्ट, रात्री ११.१०

पितळेला ०.०५ ठीक. डेलरिनला (बुशसाठीचं टणक प्लास्टिक) नाही. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशमागे किती तापतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. डेलरिन स्टीलच्या जवळजवळ नऊ-दहा पट प्रसरण पावतं. १२ मिमीचा बुश ३० अंशांनी तापला की सुमारे ०.०४ मिमी वाढतो, आणि बाहेरून स्टीलने जखडलेला असल्याने ती वाढ आतल्या बाजूलाच येते. डिसेंबरात लेथवर छान बसलेला बुश मे महिन्यात पिनेवर आवळतो. रेवाताईंच्या हिशोबाने चार सांध्यांचे ०.४ मिमी म्हणजे टोकाला साडेतीन मिमी, त्याला आवाज येत नाही.

कंबर_तलाव | २० ऑगस्ट, सकाळी ८.०५

अण्णा, डेलरिनच का? नायलॉन किंवा पितळ का नको? आणि आपल्याकडे मिळेल कुठे?

लेथ_अण्णा | २० ऑगस्ट, सकाळी ९.३०

नायलॉन वाईट नाही, पण पाणी पितं. साधं नायलॉन पाण्यात मुरलं तर वजनाच्या नऊ टक्क्यांपर्यंत पाणी घेतं आणि फुगतं. वायपरच्या सांध्यात पाणी येणारच. डेलरिन पाणी एक टक्काही घेत नाही, म्हणून माप टिकतं. पितळ चालतं, पण त्याला ग्रीस सतत हवं, आणि धुळीचा कण पितळेत रुतला की तोच सॅंडपेपर होऊन पिन खातो. शिवाय धातूवर धातू, आवाज लवकर येतो.

मिळायची चिंता सोलापुरात करू नका. यंत्रमागाचे प्लास्टिकचे भाग कातणारे लेथवाले अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहेत, त्यांच्याकडे २० मिमीच्या दांड्याचे तुकडे पडलेले असतात. दांडा पांढरा असला की दुकानदार काहीही ‘नायलॉन’ म्हणून देतो, म्हणून पाण्यात टाकून बघण्यापेक्षा विचारून, बिलावर लिहून घ्या. पाण्यात दोन्ही बुडतात.

आणि पैसे नगावर नसतात, मशीन सेट करायचे असतात. म्हणून चार बुश लागतात तिथे सहा करून घ्या. दोन डॅशच्या खणात पडू द्या.

हेराल्डवाला | २० ऑगस्ट, दुपारी १.१५

ज्यांच्याकडे स्टँडर्ड हेराल्ड किंवा मॉरिस मायनर आहे त्यांनी हे सगळं वाचून डॅश उचकटू नये. त्यांत लिंका नसतात. मोटर एका नळीतून दात असलेली केबल पुढे-मागे ढकलते आणि ती केबल दोन व्हीलबॉक्समधली चाकं फिरवते.

तिथला उपाय सोपा आहे. व्हीलबॉक्समधलं चाक पूर्ण फिरत नाही, त्याचे एका बाजूचेच दाते झिजतात. चाक बाहेर काढून १८० अंश फिरवून बसवलं की कोरे दाते केबलला लागतात. केबलही तिच्या अक्षाभोवती अर्धी फिरवता येते. आर्म काढून, मोटरपासून सोडवलेली केबल हुकाच्या स्प्रिंगकाट्याने ओढून बघा, सुमारे २.७ किलोपेक्षा जास्त जोर लागत असेल तर नळी कुठेतरी दबलीय किंवा व्हीलबॉक्सचे नट वाकडे आवळलेत. ल्युकसच्या गोल झाकणाच्या मोटरमध्ये पार्किंगची जागा झाकण थोडं फिरवून जुळवता येते. तेवढ्यासाठी क्रँकशी खेळू नका.

अवांतर झालं. पद्मिनी चालू द्या.

कंबर_तलाव | २१ ऑगस्ट, रात्री ८.२०

सगळं बाहेर काढलं. पिन ७.८५ आणि ७.९२ (आडवी-उभी), लिंकेची भोकं ८.५ ते ८.८. जुन्या बुशचे नुसते चुरे उरले होते. हे माझ्या गाडीचे आकडे, बाकीच्यांनी आपापले मोजा.

जाम स्पिंडल मात्र घरातून निघत नाहीये. खालची सर्क्लिप (अडकवलेली स्प्रिंगची कडी) काढली. गॅसवर तापवून हातोडी मारू का?

पाना_बारा_तेरा | २१ ऑगस्ट, रात्री ८.२४

नको! थांबा! त्या घराचं धातू चुंबकाला चिकटतं का ते आधी बघा.

कंबर_तलाव | २१ ऑगस्ट, रात्री ८.३१

चिकटत नाही. राखाडी, जड आहे.

पाना_बारा_तेरा | २१ ऑगस्ट, रात्री ८.५०

मग ते मझाक, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम असायची शक्यता जास्त. ते ३८५ अंशांच्या आसपास वितळतं, आणि त्याआधीच ठिसूळ होऊन घराचा बाहेर आलेला कान तुटतो. गॅसची ज्योत लावायची नाही.

उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. जस्त स्टीलपेक्षा जास्त फुगतं, तेवढ्यानेच पकड सैल होते. बाहेर काढून वरच्या बाजूने झिरपणारं तेल सोडा आणि रात्रभर उभं ठेवा. सकाळी परत उकळतं पाणी. मग स्पिंडल ओढायचा नाही, आधी फिरवायचा. लिव्हर हाताने धरून दोन-दोन अंश इकडे-तिकडे, तेल सोडत. फिरायला लागला की निम्मं काम झालं. शेवटी ठोकायचंच असेल तर घराच्या बुडाखाली त्याच मापाचा पाइपाचा तुकडा आधाराला ठेवा, स्पिंडलच्या टोकावर नट उलटा चढवून त्यावर लाकूड ठेवा आणि लाकडावर मारा. कान हवेत लोंबकळत असताना मारलेला एक ठोका तो तुटायला पुरतो.

डब्ल्यूडी-४० सारख्या झिरपणाऱ्या तेलाने सैल होतं, पण ते टिकाऊ वंगण नव्हे. सुटल्यावर रॉकेलने धुऊन सगळं काढून टाका. ते तसंच ठेवून वर ग्रीस भरलं तर ग्रीस पातळ होऊन वाहून जातं.

लेथ_अण्णा | २१ ऑगस्ट, रात्री ९.४०

डुगडुगणाऱ्या बाजूला नवा गनमेटलचा बुश दाबा. बाहेरून ०.०२ ते ०.०४ मिमी जास्त, आतून स्पिंडलपेक्षा ०.०३ ते ०.०५ सैल. घर मझाकचं आहे, तेव्हा बुश ठोकून बसवू नका, बाकड्याच्या व्हाइसमध्ये दाबून बसवा, नाहीतर घराला उभी चीर जाते.

आत तेल पिणारा सच्छिद्र ब्राँझचा बुश असेल तर त्याला रीमर लावायचा नाही. छिद्रं बुजतात आणि तो साधा बुश होऊन बसतो. नवीन बुश बसवण्याआधी ३० नंबरच्या इंजिन तेलात रात्रभर बुडवून ठेवा, तेल कोमट असेल तर उत्तम.

इलेक्ट्रिक_मामा | २१ ऑगस्ट, रात्री १०.००

सगळं उघडं आहे तोवर पार्क स्विचचे (बंद केल्यावर मोटर ठरल्या जागी थांबवणारा) कॉन्टॅक्ट बघून घ्या. ब्लेडं वेगवेगळ्या जागी थांबण्यामागे निम्मं कारण लिंकेचा प्ले, निम्मं हे. काळे पडले असतील तर १००० चा पेपर हलक्या हाताने, मग कॉन्टॅक्ट क्लीनर. कानस लावू नका. ग्रीस कॉन्टॅक्टवर नको, फक्त त्याला उचलणाऱ्या कॅमवर टिंबभर.

चादरवाला | २१ ऑगस्ट, रात्री १०.१५

वेल्डिंगबद्दल माघार. पण नव्या गाडीच्या मोटरचं उत्तर कोणी दिलं नाही. क्रँक थोडी लहान-मोठी असली तर काय बिघडतं?

गणितातली_रेवा | २१ ऑगस्ट, रात्री १०.५५

बरंच बिघडतं. लिंक पुरेशी लांब असेल तर ब्लेडाचा झोका साधारण असा निघतो : क्रँकची त्रिज्या भागिले लिव्हरची लांबी, त्याचा व्यस्त साइन, गुणिले दोन.

क्रँक ३० मिमी, लिव्हर ४५ मिमी : झोका सुमारे ८४ अंश. क्रँक ३२ केली तर ९१ अंश. दोन मिमीने सात अंश वाढले, म्हणजे ४०० मिमीवरच्या टोकाला जवळजवळ ५ सेमी. आता रबरावर आपटतंय, मग काचेच्या चौकटीवर चढेल किंवा ब्लेडं एकमेकांत अडकतील. आणि क्रँक लिव्हरच्या लांबीजवळ नेली तर टोकाला लिंक आणि लिव्हर एका रेषेत येऊन यंत्रणा तिथेच लॉक होऊ शकते, मोटर मात्र जोर लावत राहते.

याच कारणाने लिंकेची लांबी ‘अंदाजे’ बदलू नका. भोक बोअर करताना केंद्र सरकलं तरी थांबायची जागा सरकते. अण्णांनी बोअर करताना झिजलेल्या कडेवरून नाही, तर न झिजलेल्या बाजूवरून केंद्र धरावं.

लेथ_अण्णा | २१ ऑगस्ट, रात्री ११.०५

बरोबर. भोक लिंकेच्या लांबीच्या दिशेने ओढलं जातं, तेव्हा आडवी बाजू शाबूत असते, पण लांबीत केंद्र सापडत नाही. बोअर करण्याआधी दोन्ही भोकांच्या बाहेरच्या कडा आणि आतल्या कडा अशी दोन अंतरं घेऊन सरासरी काढायची. भोकं आतल्या आणि बाहेरच्या बाजूला सारखी झिजली असतील तर चूक एकमेकींत जिरते.

पाना_बारा_तेरा | २२ ऑगस्ट, रात्री ९.१५

जोडणी. धातूच्या बुशला लिथियम ग्रीस, डेलरिनलाही तेच पातळ हाताने चालेल. स्पिंडलच्या बाहेरच्या रबराला मात्र साधं ग्रीस नको. बरीच रबरं खनिज तेलाने फुगून मऊ होतात. तिथे सिलिकॉन ग्रीस. रबर तडकलेलं असेल तर २ ते ३ मिमी जाडीच्या ईपीडीएम (ऊन-पाणी सोसणारं रबर) शीटमधून कापून घ्या. ट्यूबचा तुकडा उन्हात वर्षभरच टिकतो.

प्रत्येक सांध्यात वेव्ह वॉशर आणि नवी सर्क्लिप. जुनी सर्क्लिप काढताना उघडलेली असते, ती परत घालू नका. सर्क्लिप बसल्यावर लिंक पिनेच्या लांबीत पाव मिमीभर हलली पाहिजे. हललीच नाही तर आवळलंय.

बाहेरचे स्पिंडल नट हा सगळ्यात फसवा भाग. गळू नये म्हणून माणूस जोर लावतो, पत्रा आत खेचला जातो, घर तिरकं होतं आणि मोकळा केलेला स्पिंडल परत जड. नट थोडा आवळा, लिव्हर हाताने फिरवून बघा, मग अजून थोडा. जिथे जड वाटायला लागेल त्याच्या पाव फेरी आधी थांबा. पाणी रबर अडवतं, नट नाही.

क्रँक जोडण्याआधी बॅटरी लावून मोटर मोकळी चालवा, स्विचने बंद करा, ती पार्किंगला थांबेल. मग ओरखड्याची खूण जुळवून क्रँक. आधी आर्मशिवाय चालवा. मग आर्म, टेपच्या रेषेवर. ब्लेडं सगळ्यात शेवटी, काच ओली करून.

कंबर_तलाव | २६ ऑगस्ट, रात्री ८.४५

झालं. मोटर १.६, लिंकेसह आर्मशिवाय १.९, ओल्या काचेवर ३.१. ‘टक’ बंद. टोकाला प्ले ४ मिमी. पार्किंग पाच वेळा तपासलं, एकाच जागी.

एक शिल्लक : खाली येताना ब्लेड थरथरतं, वर जाताना नाही. स्पिंडलचंच काही राहिलं का?

इलेक्ट्रिक_मामा | २६ ऑगस्ट, रात्री ९.००

नाही. एकाच दिशेला थरथरतं म्हणजे आर्म पिळलेला आहे. ब्लेडाचं रबर काचेला काटकोनात टेकलं पाहिजे आणि दोन्ही दिशांना सारखं मागे झुकलं पाहिजे. ब्लेड काढा, मधल्या फेरीत वायपर थांबवा, आर्मची चपटी पट्टी काचेला समांतर दिसते का ते कडेने बघा. तिरकी असेल तर दोन पकडींनी, मध्ये कापड घालून, थोडी थोडी पिळा. दोन्ही पकडी पट्टीवरच हव्यात, स्पिंडलवर जोर जाता कामा नये.

आर्मच्या स्प्रिंगचा दाबही बघा. स्प्रिंगकाट्याचा हूक ब्लेड बसतं तिथे अडकवून काचेपासून सरळ वर ओढा. ३० सेमीच्या ब्लेडाला साधारण ४५० ग्रॅमच्या आसपास सुटायला हवं. फार जास्त असेल तरी थरथरतं.

कंबर_तलाव | २७ ऑगस्ट, सकाळी ७.५०

आर्मच पिळलेला होता, बहुतेक मागे कोणीतरी उचकटून काढताना. स्प्रिंग ४२०. थरथर गेली.

लेथवाल्याने सहाऐवजी आठ बुश दिले. पिन ७.८ ते ७.९ च्या मधली आणि लिंकेचं भोक १२ पर्यंत बोअर करता येणारं असेल तर दोन बुश कोणालाही देऊ शकतो, सात रस्त्याजवळ येऊन घेऊन जा. आतलं भोक मुद्दाम ७.५ ठेवलंय, रीमर तुम्ही फिरवा.

हेराल्डवाला | २७ ऑगस्ट, सकाळी ८.१०

मला लिंकाच नाहीत, नाहीतर आलोच असतो.

पाना_बारा_तेरा | २७ ऑगस्ट, सकाळी ८.३०

मालक, पाऊस थांबल्यावर महिन्यातून एकदा काच ओली करून दोन मिनिटं वायपर चालवत जा. कोरड्या तापल्या काचेला चिकटलेलं ब्लेड पहिल्या झटक्याला याच नव्या बुशांवर जोर काढतं.